शिआनची फौज आणि आत्यांचा अंगठा

चिठ्ठी मीच काढली होती. त्यामुळे पुढं जे काही झालं त्याचं खापर दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर फोडायची सोयच राहिली नाही.

तालुक्यातल्या शाळांचं प्रदर्शन होतं आणि विषय होता जगातली प्राचीन शहरं. बैठकीत स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या, डबा खडखडवला आणि एकेका शाळेसमोर फिरवला. कुणाला रोम आलं, कुणाला अथेन्स. मी उघडली तर आत लिहिलेलं, 'शिआन, शान्शी प्रांत, चीन'. आमचे मुख्याध्यापक शेजारीच बसले होते. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि कपाळाला हात लावला.

"बाई, पैठण न्हाई, देवगिरी न्हाई, एकदम चीन? कोण बघायला येणार हो?"

असं कुणी बोललं की माझं डोकं फिरतं. "सर, जागा कमी पडेल, बघा तुम्ही," असं मी भर बैठकीत ठणकावून सांगितलं. आता खरं सांगते, त्या क्षणाला मला शिआनबद्दल ओ की ठो माहीत नव्हतं. वीस वर्षं इतिहास शिकवतेय, पण चीन म्हटलं की भिंत, रेशीम आणि कागद, एवढ्यावर धडा संपतो.

मग महिनाभर मोबाईलला चिकटले. आणि काय शहर निघालं ते! किती राजघराण्यांची राजधानी, ह्याची मोजदाद करताना माझी वही भरत आली. शहराभोवतीची तटबंदी अजून शाबूत, आणि इतकी रुंद की लोक वर सायकली चालवतात. शहराच्या मधोमध घंटेचा मनोरा, थोड्या अंतरावर नगाऱ्याचा. उंटांचे तांडे रेशीम घेऊन निघायचे ते इथूनच. सात मजली विटांचा एक पागोडा आहे. ज्या चिनी भिक्खूनं सगळा हिंदुस्थान पायी पालथा घातला, त्यानं आपल्याकडून नेलेल्या पोथ्या जपायला तो बांधला. हा भिक्खू आपल्या महाराष्ट्रातही येऊन गेला आणि परत जाऊन इथल्या माणसांबद्दल लिहून ठेवलं की, ही माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत. हे मी वर्गात वाचून दाखवलं तेव्हा पोरं टाळ्या वाजवायला लागली.

पण सातवीच्या वर्गाला वेड लावलं ते मातीच्या फौजेनं. चीनच्या पहिल्या सम्राटाच्या थडग्याजवळ हजारो सैनिक पुरलेले, माणसाएवढे, सगळे भाजलेल्या मातीचे, प्रत्येकाचा चेहरा वेगळा. दोन हजारांहून जास्त वर्षं कुणालाच पत्ता नव्हता. दुष्काळात शेतकरी विहीर खणत होते आणि कुदळीला मातीचं डोकं लागलं.

"मॅडम, आमच्या विहिरीत नुसता दगड लागला!" एक पोरगी ओरडली. सगळा वर्ग हसला. आमच्या भागात विहीर खणण्यातली धाकधूक सगळ्यांना कळते, त्यामुळे चीन एकदम घनसावंगी तालुक्यात आल्यासारखा वाटला. ठरलं. तट, मनोरा आणि पागोडा करायचाच, पण मधोमध फौज उभी करायची, आणि तीही खरी, भाजलेल्या मातीची.

आता घरचं सांगायला हवं. मी जालन्याची, वडील एमआयडीसीत लोखंडाच्या मिलमध्ये होते. मातीशी माझा संबंध चपलेपुरता. लग्न होऊन आले ती कुंभार पिंपळगावात, कुंभाराच्या घरात. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली. नवरा जालन्याला बियाण्याच्या कंपनीत, रविवारी घरी येतो. घरात मी आणि सासूबाई. सासूला आमच्याकडं आत्या म्हणतात. शेजारच्या दारात चुलत सासरे राहतात, सासऱ्यांचे धाकटे भाऊ. त्यांना मी काका म्हणते. चाक त्यांच्याकडं, आवाही त्यांच्याच अंगणात. आवा म्हणजे मडकी भाजायची उघडी भट्टी.

आमच्या घराण्यात बाईनं चाकाला हात लावायचा नाही. माती आणायची बाईनं, चाळायची बाईनं, लीद घालून तुडवायची बाईनं, चुली आणि पोळ्याचे बैल करायचे बाईनं, बाजारात डोक्यावर न्यायचं बाईनं. चाक मात्र गडीमाणसाचं. आणि चाक ज्याचं तो कुंभार. दारात कुणी गिऱ्हाईक येऊन "कुंभार हायेत का घरी?" म्हणालं की आत्या चाळीस वर्षं दुसऱ्याचंच नाव पुढं करत आल्या. आधी म्हणायच्या, "बाजारला गेलेत." सासरे गेल्यावर म्हणायला लागल्या, "कुंभार शेजारी." मातीनं कोपरापर्यंत भरलेल्या हातानंच त्या शेजारचं दार दाखवायच्या. मला सुरुवातीला ते खटकायचं. पुढं माझ्याही अंगवळणी पडलं, आणि त्याची मला आता लाज वाटते.

तर झालं असं. आत्या आठ दिवसांसाठी लेकीकडं वडीगोद्रीला गेल्या होत्या. मी विचार केला, त्या येईपर्यंत कशाला थांबायचं? पोळा होऊन फार दिवस झाले नव्हते, पोरांचे हात बैलांवर बसलेले होते. बैल कसा करतो आपण? गोळा घ्यायचा, दाबायचा, चार पाय ओढायचे. तसेच पोरांनी वीतभर उंचीचे पंचवीस सैनिक केले, एकदम घट्ट, भरीव. पोळ्याचा बैल कधी कुणी भाजत नाही, एवढी साधी गोष्ट माझ्या टाळक्यात आली नाही. मी कुंभाराची सून ना! मला कोण शिकवणार?

काकांचा आवा लागणार होता. मी सैनिक टोपलीत घालून नेले.

"वाळलेत का बराबर?" काकांनी विचारलं.

"बिलकुल वाळलेत," मी म्हणाले. वरून वाळले होते.

दुपारी आव्यातून सुतळी बॉम्ब फुटल्यासारखे आवाज यायला लागले. एक, दोन, मग धडाधड. सगळी गल्ली बाहेर आली. दुसऱ्या दिवशी आवा उघडला तेव्हा सैनिकांची खापरं झालेली, आणि उडालेल्या तुकड्यांनी काकांचे मोठे माठही तडकवलेले. आता काकांचा संताप मला समजतो. पण नेमक्या त्याच वेळी आत्या जीपमधून उतरून पिशवी घेऊन गल्लीत शिरल्या, आणि काका माझ्याशी न बोलता त्यांच्याशीच बोलले.

"वहिनी, हे असलं पुन्हा माझ्या आव्यात यायचं न्हाई. चाकावरचं न्हाई ते भाजायचं न्हाई. बाईच्या हातच्या मातीचा हाच भरवसा. तुमी कुंभाराच्या घरात आल्या, पण कुंभार न्हाई झाल्या."

"काका, त्या इथं नव्हत्याच! मी केलंय सगळं!" मी ओरडले. त्यांनी ऐकल्यासारखं केलंच नाही. बायका दारात उभ्या राहून बघत होत्या. आत्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि घरात गेल्या. मला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

आत त्यांनी पाय धुतले, चहा घेतला. मी रडत रडत माफी मागितली. त्या म्हणाल्या, "रडू नको. ते चीनचे फोटू दाव."

मी मोबाईल दिला. रांगेत उभे असलेले सैनिक त्यांनी भराभर पुढं सरकवले. थांबल्या त्या खड्ड्यातल्या फुटक्या सैनिकांच्या फोटोवर. दोन बोटांनी मोठा केला, डोळ्यांजवळ नेला.

"हे बघ. ह्याचं पोट फुटलंय, आत काय हाय?"

"काहीच नाही. पोकळ आहे."

"मंग! पाय भरीव, भार पेलायला. वरचं धड पोकळ. मुंडकं निराळं करून मानंत बसवलंय, म्हंजे आतली वाफ मानंतून निघती." त्या बोलता बोलता सरळ बसल्या. "आन् हे आतून बघ, कडी दिसती. वळीवर वळी घातलीया. हे चाकावरचं न्हाईच, पोरी."

मी घाईघाईनं माझी वही काढली. खरंच होतं. मी स्वतःच्या हातानं लिहून घेतलं होतं, मातीच्या वळ्या एकावर एक रचून धड केलेलं, पाय भरीव, डोकं वेगळं. लिहून घेतलं होतं, पण कळलं कुठं होतं?

"धान्याची मातीची कोठी आमी बाया अशीच उभी करायचो," आत्या म्हणाल्या. "माझ्या आईनं शिकवली. येवढ्या मोठ्या राजाची फौज, आन् चाक न्हाई?"

"नाही आत्या."

त्या हसल्या. लग्नानंतर त्यांना तसं हसताना मी पहिल्यांदाच बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या काकांच्या चाकासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "भाऊजी, आवा मी माझ्या दारात लावते. चाळीस सैनिक करते. एक जरी फुटला, तर मातीला हात लावणार न्हाई, पोळ्याचे बैलसुदिक करणार न्हाई. सगळे धड निघाले तर मला कुंभार म्हणायचं. गल्लीत, चारचौघांत."

काकांनी चाक थांबवलं नाही. "चाळीसच्या चाळीस? करा की वहिनी."

घरी येऊन मी म्हणाले, "आत्या, एखादा तरी फुटतोच हो. काकांचेही फुटतात."

"म्हणूनच बोलले," त्या म्हणाल्या आणि माती भिजवायला बसल्या.

पंधरा दिवस आमचं अंगण म्हणजे सम्राटाचा कारखाना झाला होता. शाळा सुटली की पोरं यायची, माती तुडवायची, चाळायची, आणि बदल्यात मी त्यांना शिआन सांगायचे. तीन मुलींनी पागोडा आपणहून मागून घेतला. त्यांनी घरी आणि विहारात भिक्खूंच्या प्रवासाच्या गोष्टी लहानपणापासून ऐकलेल्या, त्यांनी तर मलाच दोनदा दुरुस्त केलं. पोरांनी विटांच्या तुकड्यांचा तट रचला, घंटेच्या मनोऱ्यात देवघरातली घंटा टांगली. सैनिक मात्र आत्यांचे. हातभर उंच, प्रत्येकाचं तोंड वेगळं. एकाला आमच्या मुख्याध्यापकांचं नाक होतं. मी विचारलं तर म्हणाल्या, "आलं असंल."

मी त्यांना एक गोष्ट सांगितली होती. तिथल्या सैनिकांवर कारागिरांची नावं उमटवलेली आहेत, म्हणजे काम बिघडलं तर कुणाला धरायचं ते कळावं.

"बराबर हाय," आत्या म्हणाल्या. "मंग माझाबी अंगठा लागंल. फुटलं तर मला धरा." आणि प्रत्येक सैनिक ज्या मातीच्या पाटावर उभा होता त्याच्या खालच्या बाजूला, ओल्या मातीत, त्यांनी अंगठा दाबला. रुंद, सपाट ठसा. मातीत घासून घासून त्यांच्या अंगठ्याचं नख कधीच झिजून गेलेलं.

आता माझा मूर्खपणा. एके दिवशी आत्या जेवायला बसल्या होत्या. ओली माती पुढ्यात होती. एवढ्या फौजेत आपला एक तरी सैनिक असावा असं मला फार वाटलं. मी बसले आणि एक सेनापती केला. वळ्या घातल्या, पोकळ ठेवला, डोकं वेगळं, सगळं आत्यांसारखं. फक्त सेनापतीची छाती पुढं काढलेली हवी म्हणून तिथं आतून मातीचा एक जाडजूड गोळा भरला. पाटाखाली माझा अंगठा दाबला आणि मागच्या रांगेत वाळायला ठेवून दिला. कुणाला बोलले नाही. लहान पोरासारखी मजा वाटत होती.

आत्यांनी सैनिक पुरते वाळू दिले. मी घाई करत होते, त्या रोज एकेकाला गालाला लावून बघायच्या आणि म्हणायच्या, "आजून गार हाय." एका पहाटे अंधारातच त्यांनी आवा रचला; मी एकेक सैनिक हातात देत होते, त्यात माझाही सरकवला. खाली गोवऱ्या, मधून तुराट्या, मग फौज, वर पुन्हा गोवऱ्या आणि ओल्या राखेचा लेप. आधी कितीतरी वेळ नुसता धूर दिला. माझे कान दिवसभर तिकडंच. एकदा आत कुठंतरी 'फट्' झालं. आत्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, "गोवरी असेल."

तिसऱ्या दिवशी सकाळी आवा उघडायचा होता. शाळेच्या आधी पोरं हजर, गल्लीतल्या बायका हजर, काका मधल्या भिंतीवर बसलेले. आत्यांनी राख बाजूला सारली. पहिला सैनिक काढला, फुंकर मारली आणि बोटाच्या पेरानं वाजवला. टण्ण! पोरं ओरडली, "एक!" दुसरा काढला. टण्ण! "दोन!" दहा झाले, वीस झाले. पस्तीस. एकोणचाळीस. "चाळीस!" म्हणून पोरांनी जो गोंगाट केला, तो मुख्य रस्त्यापर्यंत गेला असेल.

आत्यांचा हात मात्र अजून राखेतच होता. त्यांनी तो बाहेर काढला तेव्हा हातात आणखी एक सैनिक होता, छाती फुटून उघडी पडलेला.

काकांनी भिंतीवरून उडी टाकली. "निघाला का न्हाई? मी म्हणलो व्हतो!"

आत्या त्या फुटक्या सैनिकाकडं बघत राहिल्या. त्यांनी तो खाली ठेवला, हात पदराला पुसले आणि म्हणाल्या, "बोलले ते बोलले. सोडली माती." आणि घराकडं वळल्या. चाळीस धड सैनिक मागं उभे, पण बाई मोजत बसली नाही, कुरकूर नाही, शब्द म्हणजे शब्द.

गप्प राहिले असते तर कुणाला काही कळलं नसतं. "थांबा!" मी एवढ्या जोरात ओरडले की आत्या दचकल्या. "तो त्यांचा नाही! तो माझा आहे!"

काका हसले. "सून सासूला वाचवून राह्यली."

"वाचवत नाही! आत्यांनी चाळीस केले, चाळीस निघाले. हा एक्केचाळिसावा आहे. पाट उलटा करून बघा! अंगठा बघा!"

काकांनी पाट उलटा केला. मग आत्यांचा एक सैनिक उचलून त्याचाही पाट बघितला. दोन्ही ठशांवरून आपला अंगठा फिरवला. माणूस तापट आहे, पण मातीच्या बाबतीत खोटं बोलणारा नाही. मग ते म्हणाले, "ह्या अंगठ्याला नख हाय."

सगळ्यांनी माझ्या हाताकडं बघितलं. मी अंगठा वर केला. वाढवलेलं नख, त्यावर लाल पॉलिश. बिघडलं तर कुणाला धरायचं, ते शिआनच्या रीतीनं बरोबर कळलं होतं.

"कवा केलास?" आत्यांनी विचारलं.

"तुम्ही जेवत होत्या तेव्हा."

"आन् छातीत काय भरलं?"

"माती. सेनापती होता हो!"

आधी एक बाई हसली, मग सगळी गल्ली. आत्या हसता हसता ओट्यावर बसल्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी त्यांना घट्ट धरलं. इतका आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता. काकांनी एक सैनिक उचलला, मानेच्या भोकातून आत बघितलं आणि पुटपुटले, "वळ्या सारख्या पडल्यात." सैनिक जपून खाली ठेवला आणि घरी गेले. कुंभार हा शब्द मात्र तोंडातून काढला नाही. मला इतका राग आला की मागं जाऊन विचारणार होते. आत्यांनी हात धरला.

प्रदर्शनात आमच्या शाळेसमोर जागा कमी पडली, अगदी मी बैठकीत म्हटलं होतं तशी. पोरं एकेका माणसाला तटाभोवती फिरवत, घंटा वाजवून शहर उघडत, पागोड्यापाशी त्या तिघी भिक्खूचा प्रवास सांगत. फौजेपाशी आत्या स्वतः बसल्या होत्या, समोर ओली माती. एका परीक्षकांनी विचारलं, "साचा कुठून आणला?" आत्यांनी दोन्ही हात पुढं केले. विहिरीची गोष्ट त्यांनी दिवसभरात इतक्यांदा सांगितली की संध्याकाळी त्यांचा घसा बसला. पहिला नंबर आमचा आला. मुख्याध्यापक सगळ्यांना सांगत सुटले की चीन घ्यायचं त्यांचं आधीपासून मनात होतं. मी ऐकून घेतलं. फौजेतल्या त्या नाकाकडं बघून मनातल्या मनात हसले.

पुढच्या आठवड्यात मी ओसरीवर वह्या तपासत बसले होते. शेजारी काका चाकावर, आत्या आत माती मळत होत्या. एक माणूस मोटारसायकलवरून आला. तो थेट काकांच्या दारात गेला, सगळे जातात तसाच.

"कुंभाराचं घर हेच ना?"

काकांनी चाक थांबवलं. गल्लीत चार माणसं होती, त्यांच्याकडं एकदा बघितलं.

"कुंभार व्हय?" ते मोठ्यानं म्हणाले. "तिकडं. शेजारी."

माणूस आमच्या दारात आला आणि त्यानं कडी वाजवली. आतून आत्या आल्या, कोपरापर्यंत मातीनं भरलेल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"कुंभार हायेत का घरी?" त्यानं विचारलं.

"मीच," आत्या म्हणाल्या. "बोला."